पाचोळ्यातला नवा भुंगेरा: खानापूरच्या रानापासून छापील नावापर्यंत

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर भागातल्या कणकुंबी, जांबोटी, आमगाव, चोर्ला या पट्ट्यात सदाहरित रानातला ओला पाचोळा चाळला की एक-दीड मिलिमीटर लांबीचे तांबूस-तपकिरी भुंगेरे हमखास हाती लागतात. त्यांतल्या पुष्कळांना अजून नाव नाही. यातले बरेच उडत नाहीत आणि ओलावा सोडून दूर जात नाहीत, त्यामुळे एका डोंगरावरची जात शेजारच्या डोंगरावर नसणे अगदी शक्य असते. तरीही जमवण्याचे काम सगळ्यात सोपे आहे. आपल्या हातातला भुंगेरा आधी नाव दिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीहून वेगळा आहे हे दाखवायला जी तुलना करावी लागते, तिथे खरा वेळ जातो. पहिल्या जातीसाठी दीड-दोन वर्षे धरून चला.

हा लेख प्रामुख्याने स्टॅफिलिनिडी या भुंगेऱ्यांच्या कुळातल्या प्सेलाफिनी या उपकुळाला धरून लिहिला आहे. आखूड पुढचे पंख, उघडे पोट, टोकाला गदेसारख्या फुगलेल्या मिशा आणि डोक्यावर-छातीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे ही त्यांची ओळख. बहुतेक जाती एक ते तीन मिलिमीटरच्या असतात आणि कोळीकिडे, उडीकिडे असले पाचोळ्यातले लहान जीव खातात. स्किडमेनिनी किंवा टिलिडी या गटांवर काम करायचे असले तरी पायऱ्या त्याच. टिलिडी मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे पहिल्याच कामाला ते घेऊ नका.

आधी कागद

भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीत मुंगीएवढा किडा उचलायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव संरक्षकांची, म्हणजे बेंगळुरूच्या कार्यालयाची, लेखी परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठीही वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. मालकी रानात किंवा काजूबागेलगतच्या झाडीत काम करायचे तर मालकाची लेखी संमती घेऊन ठेवा. देवराई असेल तर गावच्या मानकऱ्यांना आणि पंचांना आधी भेटा. देवराईतला पाचोळा हलवणे अनेक गावांत चालत नाही आणि ते योग्यच आहे.

अर्जात भुंगेऱ्यांची संख्या लिहू नका, ती आधी सांगता येत नाही. पाचोळ्याचे क्षेत्र लिहा: किती ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी किती चौरस मीटर, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पद्धतीने, आणि नमुने शेवटी कोणत्या संग्रहात जाणार. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्यावा आणि एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागामार्फत पाठवावा. त्याच विभागाची सूक्ष्मदर्शके आणि शुद्ध अल्कोहोल पुढे लागणारच आहे.

चोर्ला भागात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. रानात हद्द दिसत नाही, पण परवानगी हद्दीवरच संपते. कर्नाटकच्या पत्रावर गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात किंवा महाराष्ट्राच्या तिळारी खोऱ्यात पाचोळा उचलता येत नाही. घरून निघण्यापूर्वी फोनमधल्या नकाशावर हद्द उतरवून घ्या आणि ती लागायच्या किमान अर्धा किलोमीटर अलीकडे थांबा. पुढे लेखात जे गाव, जिल्हा आणि राज्य छापले जाईल, ते त्या जातीचे मूळ ठिकाण म्हणून कायमचे राहते.

दुसरा कायदा २००२ चा जैवविविधता कायदा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडली की अधिकृत संग्रहालयाला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली मुख्य संस्था. मुख्यालय कोलकात्यात आहे आणि आपल्याला जवळचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला. परदेशी सहलेखक घ्यायचा असेल किंवा नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचून मंजुरी हातात आल्याशिवाय पार्सल करू नका.

केव्हा जावे, काय सांभाळावे

जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी भागात पाचोळा इतका चिंब असतो की चाळणीतून खाली काही पडत नाही, चिखलाचे गोळे होतात. जूनच्या पहिल्या पावसांनंतरचे दहा-पंधरा दिवस आणि पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर हे उत्तम. मुठीत दाबला तर पाणी गळू नये, पण हाताला गार लागावा, असा पाचोळा हवा. फेब्रुवारीनंतर भुंगेरे खाली सरकतात. तेव्हा ओढ्याकाठी, कुजक्या ओंडक्याखाली, मोठ्या झाडाच्या मुळांच्या बेचक्यात शोधावे.

माकडतापाबद्दल इथे गंभीरपणे सांगायला हवे. हा रोग १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. आपल्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ, आणि तेव्हा गोचिडीची बारीक पिले नेमकी पाचोळ्यात असतात. चाळणी करणारा माणूस सबंध दिवस त्याच पाचोळ्यात बसलेला असतो. म्हणून पूर्ण बाह्या, पायमोजात खोचलेली विजार, उघड्या त्वचेला गोचीड-प्रतिबंधक तेल, आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात. माकड मरून पडलेले दिसले तर तिथून निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात पाचोळा चाळत होतो हे आपणहून सांगा. घोणशी, चापडे पाचोळ्यातच असतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने पाला उलटवा. या रानात अस्वल आणि गवेही आहेत, एकट्याने जाऊ नये.

चाळणी आणि सुकवणी

चाळणीची पिशवी बेळगावच्या कुठल्याही शिंप्याकडून शिवून मिळते. ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची दोन लोखंडी कडी, प्रत्येकीला एक मूठ, आणि दोन्ही कड्यांना जोडणारी मांजरपाटाची नळी. खालच्या कडीला ८ ते १० मिलिमीटर भोकांची तारजाळी बसवा. जाळीखाली कापड ६०-७० सेंटिमीटर लांब सोडून टोक दोरीने बांधा. वरून पाच-सहा ओंजळी पाचोळा आणि त्याखालची भुसभुशीत माती टाकायची, अर्धा मिनिट जोरात हलवायचे, वर राहिलेली पाने होती तिथेच परत पसरायची. खाली जमलेला चाळ सुती पिशवीत ओता आणि पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी त्याच क्षणी टाका. संध्याकाळी आठवून लिहू म्हटले की दोन ओढ्यांची अदलाबदल होते.

पिशव्या सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत तासभर उन्हात राहिलेला चाळ म्हणजे मेलेले भुंगेरे, आणि मेलेला भुंगेरा मातीतून आपणहून खाली येत नाही. पुढची सगळी पद्धत तो जिवंत असण्यावर चालते.

कारण वरून सुकत जाणाऱ्या मातीतून जीव ओलाव्याच्या दिशेने खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. विंकलर पिशवीत चाळ जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी नरसाळ्यात टांगतात आणि ४८ ते ७२ तास तसाच ठेवतात. वीज लागत नाही, म्हणून रानाजवळच्या मुक्कामाला ती सोयीची. पण पावसाळी हवेत ती सुकतच नाही. तेव्हा बर्लेझ नरसाळे वापरा: ३० सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे नरसाळे, आत २-३ मिलिमीटरची जाळी, तिच्यावर ५-६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही इतका चाळ, आणि वर २५ किंवा ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी दिवा उष्णता देत नाही, तो चालणार नाही. पहिला दिवस दिवा न लावता ठेवावा, मग लावावा. घाईने १०० वॅटचा लावला तर वरचा थर एकदम तापतो आणि मंद चालीचे भुंगेरे खाली पोचण्याआधीच मरतात. चार ते सहा दिवस लागतात.

बाटलीत काय असावे हे उद्देशावर ठरते. केवळ शरीररचना पाहायची तर ७५ टक्के इथेनॉल चांगले, सांधे मऊ राहतात. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के किंवा जास्त, आणि बाटली फ्रीझमध्ये. निळा स्पिरिट डीएनएच्या कामाला टाळा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, पेन्सिल किंवा चायनीज इंकच वापरा.

लेबल

चिठ्ठीवर एवढे हवे: देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि गावापासूनची दिशा व अंतर, अक्षांश-रेखांश दशांश अंशांत चार स्थळांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंतची अचूकता, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, झाडी कसली, पद्धत, जमवणाऱ्याचे नाव. महिना रोमन अंकात लिहा, नाहीतर ५-६ म्हणजे मे की जून हा घोळ राहतो.

आपल्या भागात गावांची आणि जिल्ह्यांची नावे बदललेली आहेत, त्यामुळे जुनी लेबले वाचताना जपावे. बेळगावचे शासकीय नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. मुंबई इलाख्याच्या काळातल्या नमुन्यांवर नुसते 'नॉर्थ कानरा' लिहिलेले आढळते, आणि ते किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत कुठलेही ठिकाण असू शकते. म्हणूनच नव्या लेबलात अक्षांश-रेखांश आणि उंची कधीही गाळू नयेत.

निवड

बाटली पेट्री डिशमध्ये ओता आणि १० ते ४० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने गट पाडा. चिमटा शक्यतो नको, मिशा तुटतात. दिसायला सारख्यांचे ढीग झाले की प्रत्येक ढिगात नर आहे का पाहा. या भुंगेऱ्यांत नरांच्या मिशांवर, पायांच्या नळीवर किंवा पोटाखाली काटा, खाच, फुगवटा अशी खूण बहुधा असते. मादी एकटीच मिळाली असेल तर थांबा. मादीवरून केलेली जात पुढच्या अभ्यासकाच्या डोक्याला ताप होते.

याच गटात आणखी एक चकवा आहे. एकाच जातीचा नर पंखवाला, मोठ्या डोळ्यांचा, आणि मादी बिनपंखी, बारीक डोळ्यांची असू शकते. एका चाळात सापडलेले दोन वेगळे दिसणारे ढीग एकच जात असण्याची शंका आधी फेडा. फिकट पिवळसर नमुने नुकतेच कोषातून निघालेले असतात, त्यांचा रंग आणि मऊ अवयव यांवरून काही ठरवू नका. या कामात रंगाला तसेही फार कमी किंमत आहे.

पाच-सहा नमुने आणि त्यात किमान दोन नर असतील असा ढीग घ्या. वंश निवडताना मोह आवरा. ज्या वंशाची गेल्या काही दशकांत कोणी नीट उजळणी केली आहे आणि भारत-श्रीलंकेतल्या ज्ञात जाती मोजक्या आहेत, तोच पहिल्यांदा घ्यावा. पन्नास जुन्या जातींचे एका ओळीचे वर्णन असलेला वंश नवख्याला गिळून टाकतो.

नराचा जननावयव

जाती वेगळ्या ठरतात त्या मुख्यतः इथे. दीड मिलिमीटरच्या भुंगेऱ्यात हा अवयव जेमतेम ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो. काडीला बसवलेल्या दोन अतिबारीक कीटक-सुया घ्या आणि आधी दहा-बारा सामान्य, नको असलेल्या भुंगेऱ्यांवर हात बसवा.

डीएनए काढायचा असेल तर तो आधी, पुढे वापरायच्या कॉस्टिक पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) तो नष्ट होतो. एवढ्या लहान भुंगेऱ्याच्या एका पायातून पुरेसा डीएनए क्वचितच मिळतो, म्हणून अख्खा नमुना प्रोटिनेज-के हे मऊ ऊती विरघळवणारे विकर घातलेल्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवतात. बाहेरचे कवच शाबूत राहते. प्राण्यांच्या डीएनए-बारकोडसाठी, म्हणजे जात ओळखायच्या छोट्या जनुकीय खुणेसाठी, सीओ-वन जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात. तो पुराव्याला जोड म्हणून चांगला. अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, असा नियम मात्र नाही.

मग नमुना अल्कोहोलमधून पाण्यात घ्या. सुकलेला असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवा. पोटाचे शेवटचे खंड सुईने सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. थंडच, एक ते तीन तास, आणि दर अर्ध्या तासाने पाहा. उकळले तर आतली पातळ पडदी विरघळते आणि उरलेल्या सांगाड्याचे चित्र खोटे येते. स्नायू पारदर्शक झाले की ॲसेटिक आम्लाचा थेंब घातलेल्या पाण्यात धुवा, खळगीच्या काचपट्टीवर ग्लिसरिनमध्ये घ्या आणि वरून, खालून, बाजूने अशी तिन्ही चित्रे काढा. काच ठेवून दाबू नका, दाबलेला अवयव रुंद दिसतो आणि तुमची नवी जात तेवढ्यावरच उभी राहते.

काम झाले की तो अवयव युपॅरल या पारदर्शक राळेसारख्या चिकट माध्यमात ५ × १० मिलिमीटरच्या पारदर्शक पट्टीवर बसवून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला खाली टोचा. युपॅरलला पाणी सोसत नाही. आधी ९५ टक्के अल्कोहोलमधून न काढल्यास थेंब दुधासारखा पांढरा होतो आणि आत काहीच दिसत नाही. भुंगेरा स्वतः टोकदार कार्डावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवावा, झटपट चिकटणारा गोंद कधीच नाही. पावसाळ्यात खानापूर भागात उघड्या पेटीतल्या नमुन्यांना आठवड्यात बुरशी येते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवेच.

जुन्या जातींशी तुलना

इथे घाई केलेले लेख पुढे रद्द होतात. वंशातल्या सगळ्या भारतीय जाती काढाच, शिवाय श्रीलंका आणि शक्य तर म्यानमारच्याही. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भाषा फ्रेंच, लॅटिन, जर्मन असते, आणि वर्णन बहुधा चार ओळींचे, जननावयवाचे चित्र नसलेले. तेव्हा ज्यावरून ती जात वर्णिली तो मूळ नमुना पाहण्याला पर्याय नाही. अशील राफ्रे यांचा प्सेलाफिनींचा संग्रह पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, माल्कम कॅमरन यांचे स्टॅफिलिनिडी लंडनला, हर्बर्ट फ्रान्झ यांचा संग्रह व्हिएन्नात. संग्रहपालाला थोडक्यात, नेमके पत्र लिहा: कोणती जात, कोणत्या अवयवाचे, कोणत्या बाजूचे छायाचित्र हवे. 'सगळ्या भारतीय जातींचे फोटो पाठवा' अशा पत्राला उत्तर येत नाही. उत्तराला महिने लागतात, तोवर मापे घेत राहा.

मापांसाठी सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक भिंगाचे स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे काचेवर कोरलेल्या सूक्ष्म मापपट्टीने, वेगळे मापन करून ठेवा. डोक्याची लांबी, डोळ्यांसकट रुंदी, छातीची लांबी-रुंदी, पंखांची शिवणीवरची लांबी, दोन्ही मिळून रुंदी. मिलिमीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि एक आकडा न देता सर्व नमुन्यांचा पल्ला द्या. पोट आकुंचन पावते, त्यामुळे एकूण लांबीवर फार भिस्त नको.

छायाचित्रे वेगवेगळ्या खोलीवर ३० ते ६० घेऊन संगणकावर एकत्र करा. उजेड पांढऱ्या कागदाच्या नळीतून पसरवा, थेट दिव्याने चकाकणारी पाठ खड्डे लपवते. प्रत्येक चित्रावर मापपट्टी हवीच.

लेखन आणि नाव

आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्या मुख्य अटी पाळल्या नाहीत तर उत्तम वर्णनसुद्धा निरुपयोगी ठरते. जात नवी आहे असे स्पष्ट लिहावे. तिला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत द्यावीत, नुसते चित्र चालत नाही. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे जातीच्या नावाचा आधार असलेला नमुना, म्हणून नेमावा आणि तो कोणत्या संग्रहात, कोणत्या शहरात ठेवला ते सांगावे. होलोटाइप शक्यतो शाबूत नर निवडा. त्याला लाल लेबल, वर्णनासाठी वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांना, म्हणजे पॅराटाइपना, पिवळे. संग्रहाचा नोंदणी क्रमांक लेख पाठवण्यापूर्वी मिळवा.

वर्णन तारेसारखे तुटक असते, क्रियापदांशिवाय: डोके, मिशा, छाती, पंख, पाय, पोट, नराच्या खुणा, जननावयव, मादी. त्याआधी येणारा लक्षण-परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. 'ही जात अमक्यासारखी, पण नराच्या मिशीचा नववा खंड आत खोल खाचलेला, तमक्यात साधा' असे नेमके लिहा. 'किंचित मोठी, थोडी गडद' अशा शब्दांनी पुढच्या माणसाला काही कळत नाही. शेवटी जाती ओळखण्याची किल्ली द्या आणि ती लेख न वाचलेल्या मित्राच्या हाती देऊन चालते का पाहा.

नाव रोमन लिपीत छापले जाते. ठिकाणावरून ठेवायचे तर शेवट एन्सिस. वंशाचे नाव नपुंसकलिंगी असेल तर एन्से. पुरुषाच्या नावावरून 'इ', स्त्रीच्या नावावरून 'ए', अनेकांच्या (सगळ्या स्त्रियाच नसतील तर) नावावरून 'ओरम'. स्वतःचे नाव स्वतः देण्याची रीत नाही. त्याच वंशात ते नाव आधी वापरलेले नाही ना, हे तपासा. ओढ्याचे, डोंगराचे, ज्या गावाने रानात सोबत दिली त्या गावाचे नाव द्यायला आम्ही नेहमी सुचवतो.

लेख केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध होणार असेल तर प्रसिद्धीआधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी आणि तो क्रमांक लेखात छापलेला हवा. २०१२ च्या दुरुस्तीने हे बंधनकारक झाले. झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही या विषयातली ओळखीची नियतकालिके. चार दिवसांत छापतो म्हणणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या ठिकाणी पाठवू नका, कारण तिथे छापलेले चुकीचे नावही संहितेच्या अटी पुरवत असेल तर पुढे सर्वांना वागवावे लागते.

प्रसिद्धीपर्यंत नाव बाहेर सांगू नका. स्थानिक वर्तमानपत्रात, व्हॉट्सॲपवर किंवा प्रबंधात वर्णनाविना आलेले नाव ग्राह्य नसते, आणि त्याने गोंधळ मात्र माजतो. परीक्षक बहुधा दोन गोष्टी परत मागतात: जुन्या मूळ नमुन्याशी केलेली तुलना आणि जननावयवाचे स्वच्छ बाजूचे चित्र. लेख छापून आला की त्याची प्रत वनखात्याला, संग्रहालयाला आणि ज्या गावाच्या रानातून पाचोळा घेतला तिथल्या शाळेला द्या. पॅराटाइप एकाच कपाटात न ठेवता दोन-तीन संग्रहांत वाटा. बाटलीतले उरलेले, न निवडलेले जीव लेबलासकट अल्कोहोलमध्ये जपून ठेवा, त्यातल्या मुंग्या, कोळी आणि गोगलगायी दुसऱ्या कुणाच्या कामाच्या असतात.